पडद्याची मोटार

पिंपळ्याच्या व्यंकटराव देशमुखांना मोटारीचं वेड लागलं. वेड एकाला लागतं आणि निस्तरावं घरादाराला लागतं, तसं ते त्यांच्या बायकोला, निर्मलाबाईला, निस्तरावं लागलं.

पिंपळा म्हणजे हिंगोलीहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. निजामाचं राज्य. रस्त्यानं दिवसाकाठी एखादी उतारूंची सर्व्हिस मोटार धुरळा उडवीत गेली तर गेली, एरवी सगळा कारभार बैलांच्या पायांवर. अशा गावात व्यंकटरावांनी हैदराबादेहून एक जुनी मोटार आणली. आणली म्हणजे हिंगोलीपर्यंत ती आगगाडीत बसून आली आणि पुढं बैलांनी ओढत आणली. गाव हसलं. व्यंकटराव हसले नाहीत. त्यांनी गोठ्यातली जनावरं शेतातल्या आखाड्यावर हलवली, गव्हाणी फोडल्या, खाली फरशी घातली, मोटारीच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून मधोमध पुरुषभर खड्डा खणला आणि घरच्या घरी मोटारीचा कारखाना उघडला.

हा कारखाना पोटासाठी नव्हता, शौकासाठी होता. पोटासाठी उघडलेला धंदा दिवस मावळला की बंद होतो, शौकाला कुलूप नसतं. पंचक्रोशीत मोटार बाळगणारे आणखी दोघे होते, ते आपसूक येऊन चिकटले. एक धनसिंग ठाकूर, दांडगा, मोठ्यानं बोलणारा, कोणताही नट हातोडीनं सुटतो असं मानणारा. दुसरे हिंगोलीचे विष्णुपंत वकील. त्यांच्याकडं मोटारीवरचं जाडजूड पुस्तक होतं आणि ते उघडून धरायचं असल्यामुळे त्यांचे हात कधी काळे होत नसत. दोघांच्याही मोटारी कारखान्यात आल्या आणि दोन्ही नादुरुस्त. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असा प्रकार झाला. एक अंगणात कडुनिंबाखाली दगडांवर चढून बसली, दुसरी ओसरीला टेकून. बाजेवर सुटे भाग वाळवणासारखे पसरले.

व्यंकटराव माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. पण भारी भिडस्त, आणि भीड ही भिकेची बहीण. "आता पुरे, घरी जा," हे वाक्य त्याच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. त्यामुळे शौकीन सकाळी न्याहारीला येत आणि दिवे लागले की जात.

आता यात निर्मलाबाईचं काय गेलं, असं कुणी विचारील. तिचं अंगण गेलं. देशमुखांच्या घरात गोषा होता. परक्या पुरुषाच्या नजरेला घरच्या बाईचा पदरसुद्धा पडायचा नाही. पण कारखाना नव्हता तोवर या गोषालाही दिवसाच्या फटी होत्या. पुरुष शेतावर गेले की अंगण बायकांचं. कडुनिंबाखाली बसून डाळ निवडावी, शेजारच्या जिवनबाईला कुंपणावरून हाक मारावी, तिन्हीसांजेला मारुतीपर्यंत जाऊन यावं. घराला दार एकच आणि ते अंगणात उघडणारं. मागं मोरीचं भोक आणि ओढ्याकडची भिंत. कारखाना उघडला आणि त्या एकुलत्या एक दारासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन पुरुष बसले.

पहिल्या पहिल्यानं रीत पाळली गेली. निर्मलाबाईला बाहेर पडायचं असलं की संतराम गाडीवान ओरडायचा, "गोषा हाय!" मग तिघंही हातातलं काम टाकून भिंतीकडं तोंड करून उभे राहत. एकदा अशी आरोळी आली तेव्हा विष्णुपंतांनी नेमकं पुस्तक खाली ठेवून मोटारीचं झाकण धरलं होतं. ते वळले, झाकण पडलं, बोट चेचलं. त्या दिवशी जेवताना व्यंकटराव खाली मान घालून म्हणाले, "ते बिचारे आपलं समजून काम करून राहिले. त्यांना सारखं तोंड फिरवायला लावणं बरं दिसत न्हाई."

निर्मलाबाई समजली. तिनं दारापर्यंत जाणं सोडलं. माळवदावर जावं तर खालून दिसतं, म्हणून तेही सुटलं. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून तिला कडुनिंबाची एक फांदी दिसायची. चैत्राच्या तोंडावर त्या फांदीला मोहर आला तो वासावरून कळला, तोही पेट्रोलच्या वासातून वेगळा काढून.

सासू गोजरबाई म्हणायची, "सूनबाई, मी ह्या घरात आले तवा चौदा वर्सं रस्ता बघितला न्हवता. तुला काय झालं?" निर्मलाबाई तिला आत्याबाई म्हणायची. "काय न्हाई, आत्याबाई," म्हणून ती चुलीकडं वळायची. पण रात्री छातीवर कुणी जातं ठेवावं तसं व्हायचं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिच्या मनाला लागली होती ती दमणीची. माहेराहून लग्नात आलेली, वर कमानीचं छत, आत गादी, पुढं घुंगरं बांधलेली बैलजोडी. दर संक्रांतीला संतराम तीच जुंपून तिला औंढ्याला न्यायचा. पहाटे निघालं की दिवस कलायच्या आत नागनाथाचं शिखर दिसायचं. तिथं तिची आई होती, थोरला भाऊ माणिकराव होता. कारखान्याला टेबल पाहिजे म्हणून व्यंकटरावांनी दमणी मोडली. फळ्यांचं टेबल झालं, चाकांमधला लोखंडी कणा छताला आडवा टांगून त्याला इंजिन उचलायची साखळी बांधली, चाकं भिंतीला लावून ठेवली. "मोटार असताना दमणी कशाला?" ते म्हणाले. हे त्यांनी प्रेमानंच विचारलं होतं.

प्रेमानं त्यांनी तिला मोटारही दाखवली होती, सगळे गेल्यावर, कंदील धरून. इंजिन, बत्त्या, चाकं. तिला त्यातलं काही उमगलं नाही. फक्त एक उमगलं. समोरच्या काचेपुढं, बरोबर मधोमध, पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण होतं आणि त्याला बारीकसं भोक होतं. "ह्याच्यातून टाकीला हवा लागती," व्यंकटराव म्हणाले. "हवा आत गेली न्हाई तर पेट्रोल खाली उतरत न्हाई."

"तेलाच्या डब्यावानी," निर्मलाबाई म्हणाली. "दुसरं भोक पाडल्याबिगर तेल कुठं ओतलं जातं?"

व्यंकटराव इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मित्रांना सांगितलं.

गुढीपाडव्याला औंढ्याहून माणिकरावाचा गडी आला. सेवा त्याचं नाव, तट्टावर बसून आला होता. निरोप असा की आईनं अंथरूण धरलंय, अन्न घशाखाली उतरत नाही, निर्मलाचा ध्यास घेतलाय. दमणी जुंपून ठेवली आहे, तुम्ही हो म्हणा, उद्या दारात येईल.

निर्मलाबाई आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचे हात पिठाचे होते.

अंगणात शौकीन बसलेले. त्यांच्या समोर सासुरवाडीची दमणी दारात येणार, हे व्यंकटरावांना कसंसंच झालं. ते म्हणाले, "दमणी? देशमुखाच्या दारात मोटार असताना? सांग मालकाला, दमणी पाठवू नका म्हणावं. आमी मोटारीनं घेऊन येतो."

"वाहवा!" धनसिंग म्हणाला.

सेवा गेला. आणि मग विष्णुपंतांनी चष्मा पुसत विचारलं, "पण व्यंकटराव, वहिनींचा गोषा? मोटार तर उघडी. पडदे लावावे लागतील."

झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तीन शौकिनांना पडद्यांचं काम मिळालं. विष्णुपंतांनी हैदराबादेत नबाबांच्या बेगमांच्या पडद्याच्या मोटारी पाहिल्या होत्या. ते नमुना सांगू लागले. कापड कुठलं, तर जाड हिरवं, आरपार दिसता कामा नये. सळ्या लाकडी लावल्या, त्या वाकल्या. लोखंडी लावल्या, त्या वाजू लागल्या. वाऱ्यानं पडदा उडतो म्हणून खाली शिसं शिवलं. शिशानं कापड फाटलं. शेवटी वकिलांनी तोड काढली, पडद्याला कडेनं बटणं लावायची आणि ती बाहेरून मोटारीच्या अंगाला घट्ट बसवायची. म्हणजे वारा आला तरी हू की चू नाही.

निर्मलाबाई रोज ताट वाढताना विचारायची, "मग उद्या निघायचं न्हवं?"

"उद्या बराबर निघू. बटणं तेवढी यायची हायत हिंगोलीहून."

"मला सर्व्हिस मोटारीनं धाडा. संतरामला संग द्या."

"देशमुखाची बाई सर्व्हिस मोटारीत? अन् लोकांच्या मांडीला मांडी लावून?"

"मग मी पायी जाते." हे ती इतक्या हळू म्हणाली की फक्त गोजरबाईला ऐकू गेलं. गोजरबाई हसली. तिला ते खरोखर विनोदी वाटलं.

रामनवमी झाली. औंढ्याहून पुन्हा निरोप आला नाही, कारण त्यांना वाटत होतं मोटार आज ना उद्या येईलच.

अखेर एकदाची मोटार तयार झाली. सकाळी उन्हं यायच्या आत ती ढकलत दारापाशी आणली. शौकीन अजून यायचे होते. गोजरबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "नवं वाहान, पहिल्यांदा घरची लक्ष्मी बसून राहिली. पूजा केल्याबिगर हलवू नका. सूनबाई, तू सवाष्ण हायस, तूच लाव कुंकू."

निर्मलाबाईचं मन कधीच औंढ्याला पोचलं होतं. तिनं ताट आणलं, नारळ ठेवला, निरांजन ओवाळलं. कुंकू कुठं लावायचं? मोटारीला कपाळ कुठलं?

"ते काय मधीच," गोजरबाईनं बोट दाखवलं. "काचंच्या खाली, गोल. अन् तेलात कालव ते. सुकं लावलं तर वाऱ्यानं उडून जाईल. ठळक लाव, लांबून दिसू दे."

निर्मलाबाईनं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि त्या गोल झाकणावर चांगलं रुपयाएवढं, जाड, गच्च लावलं. वर अक्षता दाबल्या. हात जोडले. देवा नागनाथा, आईला एकदा डोळ्यांनी बघू दे. मग ती मोटारीत चढली, मागं बसली, शेजारी आईसाठी लाडवाचा डबा ठेवला. संतरामनं पडदे सोडले आणि बाहेरून एकेक बटण दाबत गेला. प्रत्येक बटणासरशी आतला उजेड कमी होत गेला.

मोटार सुरू झाली. अंगणातून निघाली, फाटकापर्यंत गेली, चार ढेकर दिले आणि बंद पडली.

"काही न्हाई, थंड हाय अजून," व्यंकटराव पुढून म्हणाले. संतरामनं हांडल मारलं. सुरू झाली, बैलाच्या लांबीइतकी पुढं गेली, बंद पडली.

तेवढ्यात धनसिंग आणि विष्णुपंत आले. बिघडलेली मोटार पाहून दोघांचे चेहरे असे उजळले की जणू त्यांना लग्नाची अक्षत आली.

"प्लग," धनसिंग म्हणाला.

"प्लग नव्हे. कार्बुरेटर," विष्णुपंत म्हणाले. "आपण पद्धतशीर जाऊ."

पद्धतशीर म्हणजे काय, ते निर्मलाबाईनं पडद्याआड बसून दिवसभर ऐकलं. प्लग काढले, पुसले, घातले. सुरू झाली, बंद पडली. कार्बुरेटर काढला, बाजेवर फडकं पसरून त्याचं पोट उघडलं. नळी फुंकली. सुरू झाली, बंद पडली. "पेट्रोल आहे ना?" वकिलांनी विचारलं. व्यंकटरावांनी झाकण उघडलं. कुंकवाला हात लागू नये म्हणून दोन बोटांनी कडेनं धरून उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. तसंच जपून, देवाचा टाक ठेवावा तसं, झाकण परत बसवलं. सुरू झाली, बंद पडली.

ऊन चढलं. फाटकापाशी सावली नव्हती. हिरव्या कापडातून उजेड हिरवा येत होता आणि हवा येतच नव्हती. निर्मलाबाईची चोळी पाठीला चिकटली. पेट्रोलच्या वासानं नाकाला पदर लावावा लागला. तिनं पडद्याची कड आतून चाचपली. बटणं बाहेर होती.

"अवं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "ऐकलं का?"

व्यंकटराव पडद्याजवळ आले. "काय गं?"

"मला उतरू द्या. आत जाऊन बसते. चालू झाली की येते."

"आता दोन मिंटात चालू होती. पडदे काढायचे, समद्यांना तोंड फिरवायला लावायचं, पुन्ना बसवायचे. ते दोघं तुझ्यासाठीच उन्हात मरून राहिले. जरा दम धर." आणि मग हळूच, खऱ्या काळजीनं, "पाणी देऊ का?"

संतरामनं एक बटण काढून फटीतून तांब्या आत सरकवला आणि बटण पुन्हा दाबलं. तिनं तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पाणी प्यायचं तर पुढचं काय? पुरुषांच्या घोळक्यात, बटणं लावलेल्या मोटारीत, ते कुणाला सांगायचं? तिनं नुसते ओठ ओले केले. आपल्या घरापासून ती हाकेच्या अंतरावर होती आणि घरातही जाता येत नव्हतं, माहेरीही जाता येत नव्हतं. तिला एकदम आईचा राग आला. आत्ताच आजारी पडायचं होतं का? मग त्या रागाची इतकी लाज वाटली की डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारी शौकिनांनी ओसरीवर जेवून घेतलं. तिची भाकरी संतरामनं फडक्यात बांधून फटीतून दिली. ती तशीच राहिली. जेवण झाल्यावर विष्णुपंतांनी पुस्तक उघडलं आणि धनसिंगनं हातोडी घेतली.

दिवस कलला तेव्हा तट्टाच्या टापा ऐकू आल्या. निर्मलाबाईनं टापांवरून ओळखलं. सेवाचं तट्टू एका पायानं जरा लंगडत होतं.

"मालक," सेवाचा आवाज आला. तो दमला होता. "म्हातारी गेली. सकाळी उन्हं वर आली तवा. लेकीनं तोंड बघावं म्हणून ठेवलीया. दिवस बुडायच्या आत या म्हणलं हाय."

मग धनसिंग, जन्मात पहिल्यांदा, कुजबुजला. "भाभीला सांगू नका. रस्त्यात रडतील. तिथं गेल्यावर कळंल."

"हो, हो," विष्णुपंत म्हणाले.

ते सगळे त्या पडद्यापासून दोन हातांवर उभे होते. कापड जाड होतं, पण कापडच होतं. निर्मलाबाई हिरव्या उजेडात लाडवाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. रडू आलं नाही. आतून सगळं कोरडं झालं होतं, तोंडासारखंच.

"काढा म्हनावं ते कुंकू!" उंबऱ्याआडून गोजरबाई ओरडली. "मयतीला चाललं ना वाहान? मयतीला कुंकू लावून जात असतेत का? पुसा आधी!"

समोरच्या काचेला तेवढा पडदा नव्हता. त्या काचेतून निर्मलाबाईला दिसलं. संतरामनं ओलं फडकं घेतलं आणि ते झाकण खसाखसा पुसलं. अक्षता पडल्या. तेलकट लाल लगदा फडक्याला आला, एक कण भोकात अडकला होता तो त्यानं नखानं उकरून काढला. मग तो पुढं गेला, वाकला, हांडल मारलं.

मोटार सुरू झाली. बंद पडली नाही. फाटकात उभी राहून, एका सुरात, भरल्या घरात जातं फिरावं तशी चालत राहिली.

"मी म्हणत होतो!" विष्णुपंत ओरडले. "कार्बुरेटर!"

"शाब्बास! क्या बात है!" धनसिंगनं टाळी दिली, व्यंकटरावांनी टाळी घेतली. आणि मग तिघांनाही एकाच वेळी आठवलं, आणि तिघंही आपापल्या हातांकडं बघत राहिले.

निर्मलाबाई आपल्या बोटाकडं बघत होती. सकाळचं तेलकुंकू अजून नखाच्या कडेला लाल होतं. तेलाच्या डब्याला दुसरं भोक लागतं, हे तिनंच सांगितलं होतं. आणि तिनंच ते बुजवलं होतं, स्वतःच्या बोटानं, देवाचं नाव घेऊन. दिवसभर तिला वाटत होतं की आपल्याला यांनी कोंडलं. कोंडलं होतंच. पण वरचं शेवटचं बूच आपण स्वतः लावलं, या विचारानं तिला गुदमरल्यासारखं झालं, आणि तिनं दोन्ही मुठींनी तो हिरवा पडदा धरला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढला.

बटणं तडातड तुटली. उजेड आत आला. तीन पुरुष, सेवा आणि संतराम तिच्यासमोर होते. "गोषा हाय!" असं ओरडायला संतराम विसरला. पुरुषांनीच घाईघाईनं भिंतीकडं तोंडं केली.

"बसा पुढं," ती नवऱ्याला म्हणाली. "चला."

गावातून मोटार गेली ती अशी, एका बाजूचा पडदा लोंबत, देशमुखाची सून उघड्या तोंडानं बसलेली. जिवनबाई दारातून बघत राहिली. निर्मलाबाईनं तिला बघितलं आणि तिला काही वाटलं नाही.

औंढा दिवसाउजेडी आलं. आईला ओसरीवर निजवलं होतं. तिचं तोंड इतकं लहान झालं होतं की निर्मलाबाईला क्षणभर वाटलं, ही कुणी दुसरीच. मग ती आईच्या पायांवर पडली आणि दिवसभराचं सगळं रडं एकदम आलं.

माणिकराव भिंतीला टेकून उभा होता. व्यंकटरावांकडं न बघता तो म्हणाला, "सकाळपर्यंत बोलत व्हती. रस्त्यानं सर्व्हिस मोटार वाजली की म्हणायची, निर्मला आली का बघा. पाडव्यापास्नं दमणी जुंपून ठेवली व्हती, दाजी. तुमचा निरोप आला, पाठवू नका म्हणून."

व्यंकटराव पायरीवरच बसले. वरातीमागून घोडं आलं होतं, आणि घोडं बाहेर फाटकात अजून चालूच होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

निर्मलाबाई तेराव्यापर्यंत माहेरी राहिली. चौदाव्या दिवशी व्यंकटराव न्यायला आले. मोटार धुऊन पुसून चकचकीत केली होती. पडदे नवे, पातळ, पांढरे. बटणं आतून.

ते ओसरीच्या टोकाला बसले. चहाचा कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "आता हवा येती आत. म्या सोता बसून बघितलं. अन् कार्बुरेटर नवा आणला, आता बंद पडायची न्हाई."

"कार्बुरेटर न्हवता तो," निर्मलाबाई म्हणाली. "झाकणाचं भोक बुजलं व्हतं. कुंकवानं. म्या बुजवलं."

व्यंकटरावांनी मान वर केली. तिनं पाहिलं की त्यांना ते कळलं, लगेच कळलं. दिवसभरात किती वेळा त्यांनी ते झाकण कडेनं धरून उघडलं होतं, किती जपून परत लावलं होतं, ते सगळं त्यांच्या तोंडावरून सरकत गेलं. त्यांचे डोळे भरले. भिडस्त माणसाला रडायचीही भीड वाटते; त्यांनी उपरण्यानं कपाळाचा घाम पुसल्यासारखं केलं.

"माझंच चुकलं, निर्मला," ते म्हणाले. "चल घरी."

"येते की. घर माझंच हाय, दुसरीकडं कुठं जाणार?" ती म्हणाली. "पण मोटार न्या माघारी. मी दमणीनं येईन."

"दमणी?" ते गोंधळले. "माणिकरावांची?"

"माझी."

"अगं, ती तर मोडली. तिचं टेबल केलं, कणा छताला..."

"मोडली तशी जोडा," निर्मलाबाई म्हणाली. "कारखाना हाय ना घरी?"

व्यंकटरावांनी मोटार माघारी नेली. त्या रात्रीपासून, म्हणतात, पिंपळ्याच्या कारखान्यात पुस्तक बंद राहिलं. वकिलांना आणि ठाकुरांना व्यंकटरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की काही दिवस येऊ नका, घरचं काम आहे. ते सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. सुताराला बोलावलं, पण फळ्या स्वतः ठोकल्या. कणा स्वतः उतरवला.

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात दमणी औंढ्याला आली. पाच मोटारींची कामं निघतील एवढं सामान जमवलेल्या त्या कारखान्यातून धड चालत बाहेर पडलेलं पहिलं वाहन ते. फळ्यांवर तेलाचे काळे डाग तसेच होते, आणि एका बाजूला लोखंड आवळून धरायच्या शेगड्यानं पाडलेली खोबण. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. संतराम खाली उतरला, बाईसाबांच्या पाया पडला, मग छताचा मागचा पडदा हातात धरून थांबला.

"सोडू का, बाईसाब?"

निर्मलाबाई चढून गादीवर बसली. तिनं मांडीवर आईसाठी आणलेला लाडवाचा डबा घेतला. रिकामा होता.

"राहू दे," ती म्हणाली. "हवा येऊ दे."